गुंग महाल ते लोरी : बाळाला बोलते कोण करते?

अकीक्याला, बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला बाळासाठी काय न्यावे, असे लोक मला हल्ली बरेचदा विचारतात. शिक्षिका आहे, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून मला ठाऊक असेल असे त्यांना वाटते. विचारण्यामागची अपेक्षाही ठरलेली असते. खेळणे असे हवे की बाळ लवकर बोलायला लागेल. बाजारात तशी खेळणी भरपूर आहेत. बटण दाबले की इंग्रजी मुळाक्षरे म्हणणारी पाटी, प्राण्यांचे आवाज काढणारे पुस्तक, गाणारे अस्वल. भेट देणारा खूश, आईबाप खूश. बाळही दोन दिवस खूश असते.

पण बाळ बोलायला शिकते ते कशाने? हा प्रश्न नवा नाही. बादशहांनी तो विचारला, सूफींनी विचारला, कवींनी आणि शिक्षकांनीही विचारला. त्यांची उत्तरे आपल्या इतिहासात पडून आहेत. त्यातले एक उत्तर तर इतके क्रूर आहे की ते प्रत्येक आईबापाने एकदा वाचायलाच हवे. सुरुवात तिथूनच करू.

बादशहाचा प्रयोग

अकबराच्या दरबारात एकदा वाद निघाला. माणूस भाषा कुठून आणतो? बादशहाचे म्हणणे होते की भाषा ऐकण्यातून येते. एकाने दुसऱ्याकडून ऐकायचे, दुसऱ्याने तिसऱ्याकडून, असे हे अगदी सुरुवातीपासून चालत आले आहे. एखाद्याच्या कानावर माणसाचा शब्द पडूच दिला नाही, तर तो बोलणार नाही. दरबारातल्या काहींना हे पटले नाही. त्यांची खात्री पटवण्यासाठी बादशहाने वस्तीपासून दूर, जिथे माणसांचा आवाज पोहोचत नाही अशा जागी एक वास्तू बांधून घेतली. नुकती जन्मलेली मुले तिथे ठेवली. पहारेकरी नेमले. दूध पाजायला दाया ठेवल्या, पण तोंडातून शब्द काढायचा नाही अशी त्यांना सक्त ताकीद होती. लोकांनी त्या जागेचे नाव ठेवले ‘गुंग महाल’, म्हणजे मुक्यांचा वाडा.

ही हकिगत अबुल फझलने ‘अकबरनामा’त लिहून ठेवली आहे. ऑगस्ट १५८२ मध्ये अकबर शिकारीला निघाला असताना मोजक्या माणसांना घेऊन तो हा वाडा पाहायला गेला. मुले तोवर चार वर्षांची झाली होती. आतून बोलण्याचा आवाज आला नाही. मुलांच्या तोंडून मुक्या माणसाच्या तोंडून निघतात तसे अर्थहीन आवाज तेवढे निघाले.

हाच प्रसंग अब्दुल कादिर बदायुनीनेही नोंदवला आहे. अबुल फझल बादशहाचा स्तुतिपाठक, तर बदायुनी त्याचा कडवा टीकाकार. त्याचा ग्रंथ अकबराच्या हयातीत बाहेर येऊच शकला नाही. बदायुनी प्रयोगाचे कारण वेगळे सांगतो. प्रत्येक मूल ‘फितरत’वर, म्हणजे निसर्गदत्त शुद्ध स्वभावावर जन्माला येते, अशी हदीस आहे. तिच्या अनुषंगाने, कुणी काही शिकवलेच नाही तर मूल कोणत्या धर्माकडे वळते आणि त्याच्या तोंडून पहिला कलमा कोणता निघतो, हे बादशहाला पाहायचे होते, असे तो म्हणतो. मुलांची संख्याही तो देतो, सुमारे २०. आणि अबुल फझलने न सांगितलेल्या दोन गोष्टी सांगतो. ही मुले त्यांच्या आयांना पैसे देऊन आणली होती. आणि त्यातली काही मुले मातीआड गेली.

प्रयोगाच्या कारणाविषयी दोघांचे जमत नाही. निकालाविषयी मात्र स्तुती करणारा आणि टीका करणारा, दोघेही एकच सांगतात. मुले बोलली नाहीत.

इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग बहुधा ‘अकबराची जिज्ञासू वृत्ती’ या शीर्षकाखाली येतो. जिज्ञासू तो होताच, आणि त्याचा अंदाजही खरा ठरला. पण मला तो प्रसंग वाचताना बादशहा दिसत नाही. मला त्या २० आया दिसतात. त्यांची नावे कुणी लिहिली नाहीत. त्या कुणाच्या कोण होत्या, पैसे घेताना काय म्हणाल्या, चार वर्षांनी त्यांच्यापैकी कुणाचे मूल परत आले का, हे दोन्ही इतिहासकारांनी लिहिलेले नाही. बादशहाचा वाद जिंकण्यासाठी त्या मुलांची चार वर्षे खर्ची पडली.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे मूल झाले की त्याची ‘बिस्मिल्लाह ख्वानी’ करायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्या दिवशी मूल पहिला धडा म्हणते. स्वतः अकबराचीही ती झाली होती, १५४७ मध्ये. मुहूर्त काढलेला, हुमायून वाट पाहत बसलेला आणि उत्सवमूर्ती खेळायला पळालेली, अशी गंमत अबुल फझल सांगतो. हा बादशहा पुढे आयुष्यभर स्वतः वाचायला शिकला नाही. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन ऐकत राहिला. ऐकण्यातून किती येते हे त्याला स्वानुभवाने माहीत होते. त्याचे स्वतःचे बालपण जीजी अनगा, माहम अनगा अशा दायांच्या गजबजाटात गेले. तो काही महिन्यांचा असतानाच जीजी अनगाशी बोलला, असा चमत्कारही अबुल फझलने नोंदवून ठेवला आहे. चमत्कार सोडून देऊ. पण त्याच्याशी सतत बोलणाऱ्या बायका पाळण्याभोवती होत्या, एवढे नक्की. गुंग महालातल्या मुलांच्या नशिबी दाई होती, दूध होते, छप्पर होते आणि पहारा होता. फक्त बोलणे नव्हते. बिस्मिल्लाहच्या वयाला ती मुले पोहोचली, पण बिस्मिल्लाह म्हणायला त्यांच्याकडे शब्दच नव्हता.

राजे इतरही होते

असा प्रयोग सुचलेला अकबर पहिला राजा नव्हे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तचा राजा सामेतिकस याची गोष्ट सांगितली आहे. त्याने दोन बाळे एका धनगराकडे दिली आणि त्यांच्यासमोर कुणी बोलायचे नाही असे बजावले. दोन वर्षांनी मुलांच्या तोंडून ‘बेकोस’ असा आवाज निघाला. फ्रिजियन भाषेत त्याचा अर्थ भाकरी, म्हणून फ्रिजियन लोक जगात सर्वांत जुने, असा निष्कर्ष काढला गेला. मुलांनी बकऱ्यांच्या आवाजाची नक्कल केली असावी, ही शंका पुढच्या काळात अनेकांनी घेतली. तेराव्या शतकातला सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्याविषयी सालिंबेने हा इतिवृत्तकार अशीच कथा सांगतो. ती मुले बोलण्याआधीच मेली, कारण टाळ्या, हावभाव, हसरे चेहरे आणि लाडीगोडीचे शब्द यांवाचून त्यांना जगता आले नाही, असे तो लिहितो. स्कॉटलंडचा राजा जेम्स चौथा याच्या नावावरही एका बेटावर मुक्या बाईजवळ मुले ठेवल्याची कथा आहे.

या कथांत दंतकथेचा भाग बराच असेल. पण सालिंबेनेची यादी पुन्हा वाचावी. टाळ्या, हावभाव, हसरा चेहरा, लाडाचे शब्द. आपल्या घरातली आजी बाळाला मांडीवर घेऊन नेमके हेच करत असते. टाळी वाजवते, पदराआड तोंड लपवून ‘भोऽऽ’ करते, चिऊ-काऊचा घास भरवते. आपण त्याला ‘टाइमपास’ म्हणतो. खरे तर तिथे शिकवणी चाललेली असते.

झगा आणि एक परका शब्द

आता भेटवस्तूकडे वळू. बाळाला भेट कशी द्यावी याचे एक उदाहरण सहीह बुखारीत आहे. ते जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला त्यात शिक्षकाची नजर दिसते.

मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा काही मुसलमान कुटुंबे समुद्र ओलांडून हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपिया-इरिट्रियाच्या भागात गेली. खालिद बिन सईद यांचे कुटुंब त्यात होते. त्यांची मुलगी तिकडेच जन्मली. तिला उम्मे खालिद म्हणत. हे कुटुंब मदिनेला परतले तेव्हा ती लहान होती. एकदा पैगंबरांकडे काही कपडे आले. त्यात नक्षीचा एक छोटा काळा झगा होता. हा कुणाला घालावा, असे त्यांनी विचारले. लोक गप्प राहिले. तेव्हा त्यांनी उम्मे खालिदला बोलावले. तिला उचलून आणण्यात आले, इतकी ती लहान होती. झगा त्यांनी स्वतःच्या हाताने तिला घातला, तो पुष्कळ दिवस वापर अशी दुआ दिली. मग त्यावरच्या रंगीत नक्षीकडे बोट दाखवून ते तिला म्हणाले, ‘सनाह’. हा शब्द अरबी नाही. तो हबशी भाषेतला आहे. अर्थ, सुंदर.

ज्या भाषेचे आवाज त्या मुलीच्या कानात पहिल्यांदा शिरले होते, त्या भाषेतला एक शब्द तिला भेटीबरोबर मिळाला. भेट आधी हातात, मग अंगावर, मग तिच्यावरची नक्षी बोटाने दाखवायची, आणि दाखवताना मुलाच्या ओळखीच्या भाषेत शब्द उच्चारायचा. दुसऱ्या एका कथनात ती मुलगी पैगंबरांच्या पाठीशी खेळू लागते, वडील तिला रागावतात आणि पैगंबर म्हणतात की राहू दे तिला. बी.एड.च्या वर्गात ‘मूर्ताकडून अमूर्ताकडे’ आणि ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ ही सूत्रे आम्ही पाठ केली होती. ती दोन्ही या छोट्या प्रसंगात जिवंत आहेत.

अनस बिन मालिक यांच्या धाकट्या भावाचीही अशीच आठवण सांगतात. त्याच्याकडे एक छोटे पाखरू होते, त्याच्याशी तो खेळायचा. पैगंबर भेटले की त्याला ‘अबू उमैर’ अशी मोठ्या माणसासारखी हाक मारून पाखराची खबर विचारायचे. पाखराचे अरबी नाव ‘नुगैर’. उमैर आणि नुगैर, नावाला पाखराचे यमक. मुलाच्या खेळण्याविषयी मुलालाच विचारायचे, तेही यमक जुळवून. बाळाच्या कानाला यमक आवडते, हे जगातल्या सगळ्या आयांना माहीत असते.

विजापूरच्या लोऱ्या

ही गोष्ट आपल्या मातीत कशी रुजली हे पाहायचे तर दख्खनमध्ये यावे लागते. सोळाव्या-सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीत चिश्ती सूफींनी दखनी भाषेत एक वेगळेच वाङ्मय निर्माण केले. विद्वानांसाठी ते फारसीत लिहीत. पण दळणाऱ्या, सूत कातणाऱ्या आणि पाळणा हलवणाऱ्या बायकांसाठी त्यांनी दखनीत गाणी रचली. जात्यावरची ती चक्कीनामा, चरख्यावरची चरखानामा आणि पाळण्याची लोरीनामा. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या ग्रंथात या गाण्यांचा सविस्तर विचार केला आहे. इस्लामच्या कल्पना दख्खनच्या घराघरांत पोहोचल्या त्यात या गाण्यांचा, म्हणजेच ती गाणाऱ्या बायकांचा, मोठा हात होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

यात धर्मप्रसार किती आणि लोकगीत किती, याची चर्चा अभ्यासक करोत. मला त्यातले शिक्षण दिसते. जात्याचा खुंटा उभा असतो, तो अलिफ या अक्षरासारखा दिसतो, आणि अलिफ म्हणजे अल्लाहच्या नावाचे पहिले अक्षर. अशा रूपकांनी चक्कीनामा भरलेला असतो. आईच्या मांडीवर डोके ठेवून निजलेल्या मुलाच्या कानावर जात्याची घरघर आणि हे शब्द एकदमच पडत. लोरीत पाळण्याचा झोका असतो आणि झोक्याच्या लयीत नाव घेणे असते. शब्द, लय, आईच्या अंगाची ऊब आणि रोजचे काम, हे सगळे एकत्र. याच प्रदेशात शेजारच्या घरात मराठी बाई जात्यावर ओवी म्हणत होती. दोघींचे जाते एकाच पाथरवटाने घडवलेले असू शकेल, इतक्या त्या जवळ होत्या.

म्हणूनच दखनीत मराठी इतकी मुरलेली आहे. ‘नको’ हा शब्द दखनीने मराठीतूनच घेतला. जोर देण्यासाठी लावायचा ‘च’ही तसाच. हैदराबादपासून सोलापूरपर्यंत दखनी बोलणारी आई बाळाने मातीचा हात तोंडात घातला की ‘नको’च म्हणते. दोन भाषांची ही सरमिसळ मदरशात किंवा दरबारात ठरलेली नाही. ती अंगणात, पाणवठ्यावर आणि पाळण्याजवळ घडली.

गालिबचे नातू

बाळ थोडे मोठे झाले, बोलू लागले की पुढचे शब्द कसे द्यायचे? यासाठी आपल्या परंपरेत ‘निसाब’ नावाचा प्रकार होता. म्हणजे पद्यात बांधलेला शब्दकोश. अरबी-फारसी शब्द आणि त्यांचा हिंदवी अर्थ ठेक्यात बसवायचा. मूल खेळता खेळता म्हणते आणि शब्द पाठ होतात. यातला सगळ्यात प्रसिद्ध ‘खालिक बारी’. परंपरा तो अमीर खुसरोंच्या नावावर सांगते. हाफिज महमूद शेरानी यांनी मात्र तो जहांगीरच्या काळातल्या दुसऱ्या एका खुसरोचा असल्याचे मत मांडले. कर्ता कोणीही असो, कित्येक पिढ्यांच्या मकतबांतून तो घुमला.

मिर्झा गालिबनेही असा एक निसाब लिहिला, ‘कादिरनामा’. गालिबचे चाहते त्याच्या गझला घोकतात, पण ही छोटी पुस्तिका फारशी कुणी उघडत नाही. तिच्यामागची कहाणी ऐकण्यासारखी आहे. गालिब आणि उमराव बेगम यांना सात मुले झाली. त्यातले एकही जगले नाही, दीड वर्षाचेसुद्धा झाले नाही. पुढे त्यांनी बेगमच्या बहिणीचा मुलगा आरिफ याच्यावर जीव लावला. तोही १८५२ मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याची दोन लहान मुले, बाकिर अली आणि हुसेन अली, गालिबच्या घरी वाढली. धड जेवू देत नाहीत, अनवाणी पायांनी बिछान्यावर चढतात, पाणी सांडतात, धूळ उडवतात आणि तरी मला राग येत नाही, अशा अर्थाचे त्याने आपला शिष्य तफ्ता याला पत्रात लिहिले आहे. या मुलांना शब्द शिकवण्यासाठी ‘कादिरनामा’ लिहिला गेला.

ज्याच्या सात बाळांपैकी एकही धड बोलण्याच्या वयाला पोहोचले नाही, त्या माणसाने म्हातारपणी दुसऱ्याच्या मुलांसाठी यमके जुळवत शब्द मांडले. घोड्याला काय म्हणतात, डोंगराला काय म्हणतात. फारसीचा एवढा अभिमान असलेला कवी. पण मुलांसमोर तो उर्दूतून बोलतो, घरच्या भाषेचा हात धरून त्यांना पुढे नेतो. गालिबने त्या मुलांना खेळणी किती दिली असतील कोण जाणे. ही भेट मात्र टिकली.

बोर्डीचे शंखशिंपले

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा विचार शास्त्रशुद्धपणे रुजवला तो ताराबाई मोडक यांनी. गुजरातमधल्या भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पाया माँटेसोरींच्या पद्धतीचा होता. पण ती साधने महाग होती. शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहिले तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

१९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ मध्ये हे काम आदिवासी भागातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. विकत घेतलेल्या साधनांऐवजी तिथे शंख, शिंपले, बिया, पाने, दगडगोटे, मातीची भांडी आली. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरबरीत हे सगळे शब्द त्यातून शिकवता येत. मूल शाळेत येत नाही तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेऊ, यातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हाच शब्द देशभर गेला.

एक शिंपला घ्या. तो नुसता बाळाच्या हातात दिला तर ते तो तोंडात घालेल. पण ‘हा बघ शिंपला, बाहेरून खरबरीत, आतून गुळगुळीत, समुद्रातून आला’ असे म्हणत त्याचे बोट त्यावरून फिरवले, तर तोच शिंपला पुस्तक होतो. ताराबाई-अनुताईंना खेळण्याची किंमत कमी करता आली, कारण खेळण्याजवळ बसणारे माणूस त्यांनी कमी केले नाही.

बोलणारी बाहुली

याच्या नेमका उलटा प्रयोग अमेरिकेत झाला होता. फोनोग्राफ शोधणाऱ्या थॉमस एडिसनच्या कारखान्याने १८९० मध्ये बोलणारी बाहुली बाजारात आणली. पत्र्याचे धड, आत मेणाची छोटी नळकांडी, पाठीमागे दांडी. दांडी फिरवली की बाहुली बडबडगीत म्हणे. काही आठवड्यांतच ती विक्रीतून मागे घ्यावी लागली. यंत्र नाजूक होते, नळकांडी लवकर झिजत होती आणि आवाज इतका कर्कश, भेसूर होता की तो आज ऐकला तरी मोठी माणसे दचकतात.

एडिसनचे यंत्र कच्चे होते. आताची यंत्रे पक्की आहेत, मोबाइलमधला आवाज गोड आहे, चित्र रंगीत आहे. मग आता तरी यंत्र बाळाला भाषा शिकवेल का? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास याच प्रश्नाचा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना त्यांनी चिनी भाषेची १२ सत्रे दिली. काही बाळांसमोर चिनी बोलणारे माणूस प्रत्यक्ष बसले. त्याने पुस्तक दाखवले, खेळणी खेळवली. काहींना त्याच माणसांची चित्रफीत दाखवली, काहींना नुसता आवाज ऐकवला. प्रत्यक्ष माणसाबरोबर खेळलेली बाळे चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखू लागली. चित्रफीत आणि ध्वनिफीत मिळालेल्या बाळांत असा फरक दिसला नाही. आवाज तेच, शब्द तेच. फक्त बाळाच्या नजरेला नजर देणारे कोणी नव्हते. दोन वर्षांखालच्या बाळाला पडद्यासमोर बसवूच नये आणि पुढेही चार वर्षांपर्यंत तासाभराच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले.

गुंग महालात माणसे होती, शब्द नव्हते. मोबाइलमध्ये शब्द आहेत, माणूस नाही. बाळाला दोन्ही एकत्र लागतात.

आपल्या घरातली शांतता

हे सगळे आज का लिहिते आहे? कारण आपल्या घरांत एक वेगळी शांतता शिरते आहे आणि तिला आपण प्रगती समजतो आहोत.

महाराष्ट्रातला मुसलमान एका भाषेत राहत नाही. कोकणात घरी कोकणी मुसलमानी बोली, खानदेशात अहिराणीचा हेल असलेली, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे दखनी. बाहेर मराठी, मकतबात अरबी, शाळेत उर्दू किंवा मराठी किंवा इंग्रजी. ही आपली श्रीमंती आहे. पण वर्गात मला दिसतात ती मुले वेगळेच सांगतात. ‘शुद्ध’ उर्दू बोलणारे पाहुणे आले की घरची दखनी लपवायची. मराठी बोललो तर उर्दू बिघडेल म्हणायचे आणि उर्दू बोललो तर इंग्रजी येणार नाही म्हणायचे. माझ्या एका माजी विद्यार्थिनीला तिच्या मुलाच्या बालवाडीतून निरोप आला की घरी फक्त इंग्रजीत बोला. तिला इंग्रजी चाळीस-पन्नास वाक्यांपुरते येते. ‘कम’, ‘गो’, ‘ईट’, ‘नो’. ती मुलाशी तेवढेच बोलू लागली. आजीला तर तेवढेही येत नाही, म्हणून आजी गप्प झाली. जिच्याकडे लोऱ्या होत्या, कोडी होती, राजा-राणीच्या कहाण्या होत्या, ती गप्प. उरलेला वेळ मोबाइलने भरून काढला. मी तिला भेटून एवढेच सांगितले की आजीचे तोंड पुन्हा उघड. दखनीत बोल, मराठीत बोल, पण भरपूर बोल. इंग्रजी शाळा शिकवेल, ते तिचे काम आहे. बाळाला दोन-तीन भाषा एकदम ऐकायला मिळाल्या तर ते गोंधळून मुके होत नाही.

एक मात्र लक्षात ठेवायला हवे. घरात भरपूर बोलणे असूनही बाळ आवाजाकडे वळून पाहत नसेल, हाकेला ओ देत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी एकही शब्द येत नसेल, तर ‘याचे अब्बाही उशिरा बोलले होते’ म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. कमी ऐकू येते हे लवकर कळले तर यंत्राचा आणि उपचाराचा फायदा जास्त होतो. आणि जे मूल ऐकूच शकत नाही त्यालाही भाषा लागतेच. हातांची, खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिच्यावाचून ठेवलेले मूल म्हणजे पुन्हा एक गुंग महाल.

आता राहिला भेटीचा प्रश्न. खुळखुळा न्या, सावंतवाडीची लाकडी फळे न्या, कापडाची बाहुली न्या, जाड पुठ्ठ्याचे चित्रांचे पुस्तक न्या. फार किमतीचे काही नको. बाळाने काही करावे लागेल असे खेळणे चांगले. सगळे स्वतःच करणारे खेळणे बाळाला नुसता प्रेक्षक बनवते. चेंडू स्वतः काही बोलत नाही, म्हणून तो पलंगाखाली गेला की आई विचारते, ‘कुठे गेला चेंडू?’ आणि बाळ बोट दाखवते. संभाषण सुरू झाले. तुम्ही म्हणत असाल की बाळाला अजून उत्तर कुठे देता येते? त्याचे ‘ऊं’ हेच उत्तर. ते आले की थोडे थांबायचे, मग पुढचे बोलायचे.

आपल्याकडे बाळ जन्मले की त्याच्या कानात अजान म्हणतात. ज्याला काही कळत नाही असे आपण समजतो, त्या जिवाशी आपण पहिल्याच दिवशी बोलतो. पूर्वजांनी हा रिवाज घालून दिला त्यात मोठी समज आहे. पण त्या दिवशी कानापाशी नेलेले तोंड आपण पुढची दोन वर्षे दूर नेऊ नये, एवढीच माझी विनंती. भेट द्यायला जाल तेव्हा खेळणे आईच्या हातात ठेवून चहाला बसू नका. जमिनीवर बाळाच्या समोर बसा, खेळण्याकडे बोट दाखवा आणि तुमच्या घरच्या बोलीतला सगळ्यात सुंदर शब्द त्याला सांगा.